जुन्या कॉन्कोर्सला व्हॅक्यूम क्रूझ कंट्रोल: बसवा, पण आधी तो सुटतो कसा ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डॅलसजवळ राहता, कार्बोरेटरवाली कावासाकी कॉन्कोर्स १००० चालवता, आणि उन्हाळ्यात कोलोराडोला जाताना तासाभरातच उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येतात. कारसाठी बनवलेला, व्हॅक्यूमवर (इंजिन हवा ओढतं तेव्हा तयार होणाऱ्या पोकळीवर) चालणारा ऑडिओव्हॉक्स सीसीएस-१०० हा क्रूझ कंट्रोलचा, म्हणजे मूठ न धरता ठरवलेला वेग राखणारा, संच कुणाकडून तरी न वापरलेला मिळाला आहे. तो या गाडीला बसेल का, व्हॅक्यूम कुठून घ्यायचा, की मुठीवर बसणारा साधा थ्रॉटल लॉक पुरे? आणि कोल्हापूरच्या भावाने त्याच्या बुलेटसाठीही विचारलं आहे.

बसतो. मी चार गाड्यांना बसवला, त्यांतल्या दोन कॉन्कोर्सच होत्या. पण माझा पेशा इन्स्ट्रुमेंटेशनचा. तीस वर्षं कारखान्यांतल्या हवेवर चालणाऱ्या झडपांशी झटलो. त्या धंद्यात झडप बसवण्याआधी एकच प्रश्न विचारतात: हवा गेली, वीज गेली, तर ही उघडी राहणार की बंद? तुमच्या कामालाही मी तोच प्रश्न लावतो. वेग धरून ठेवायला सर्व्हो, म्हणजे संचातला थ्रॉटल ओढणारा डबा, समर्थ आहे, ते त्याचं तो बघेल. तुमचे दोन शनिवार खर्च व्हायला हवेत ते थ्रॉटल (मुठीने उघडणारी इंजिनाची हवेची झडप) सुटण्याच्या वाटांवर.

थ्रॉटल लॉकचं आधी उरकतो. तो मूठ जागच्या जागी घट्ट धरतो, वेग धरत नाही. चढ आला की गाडी मंदावते, उतार आला की सुसाट सुटते. यूएस २८७ महामार्गावर फोर्ट वर्थहून अमरिलोकडे जाताना हात झटकायला दोन मिनिटं उसंत मिळावी, एवढ्यापुरता तो ठीक. स्वस्त आहे, अर्ध्या तासात बसतो. तुमची गरज त्याहून मोठी आहे.

आता सर्व्होच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रबरी पडदा, त्याला उलट ढकलणारी स्प्रिंग, आणि विजेवर चालणाऱ्या तीन छोट्या झडपा. एक उघडली की व्हॅक्यूम आत येतो, पडदा मागे खेचला जातो आणि थ्रॉटल उघडतो. दुसरी बाहेरची हवा हळूहळू आत सोडते, थ्रॉटल मिटतो. पहिल्या दोघी मिळून वेग राखतात. तिसरीचं काम फक्त संकटात: वीज तुटली की ती उघडते, बाहेरची हवा भसकन आत शिरते आणि स्प्रिंग पडद्याला जागेवर नेते. वीज असेल तरच ही झडप बंद राहते, हे ध्यानात ठेवा. म्हणजे फ्यूज उडाला, वायर तुटली, व्हॅक्यूमची नळी निसटली, काहीही झालं तरी थ्रॉटल मिटतो. ज्यांनी हा संच आखला त्यांनी आपला धंदा नीट ओळखला होता. बिघडवतो तो बसवणारा.

जोर किती म्हणाल, तर पडद्याचा व्यास ७ सेंमी धरा, क्षेत्रफळ ३८ चौरस सेंमीच्या आसपास. १० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असला तर ओढ १३ किलोच्या घरात जाते. स्प्रिंगचा विरोध वजा केला तरी कार्बोरेटरची थ्रॉटल उघडणारी चक्री फिरवायला हे भरपूर झालं. काही अडकलं तर तेही ओढून मोडायला भरपूर.

व्हॅक्यूम घ्यायची जागा म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्या मधल्या नळकांड्यांवरची टोकं, ज्यांना सिंक्रोनाइझ करताना, म्हणजे चारही कार्बोरेटर एकसारखे जुळवताना, आपण गेज लावतो. आता खरी मेख. इंजिनाला हवा ओढायची असते आणि थ्रॉटलची पाकळी ती अडवते, म्हणून तिच्यामागे व्हॅक्यूम तयार होतो. आयडलवर, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, तो १८ ते २० इंच असतो, सपाट रस्त्यावर ६५ मैलांनी जाताना १० ते १५. आणि चढावर थ्रॉटल भरपूर उघडला की जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे सर्व्होला जास्तीत जास्त ओढायची वेळ येते तेव्हाच त्याचं अन्न संपलेलं असतं. ऐन पंगतीत भात संपावा तसं.

त्यावर उपाय म्हणजे साठ्याची टाकी आणि एकमार्गी झडप. इंजिनाकडे चांगला व्हॅक्यूम असतो तेव्हा टाकी रिकामी होते, म्हणजे व्हॅक्यूमने ‘भरते’, आणि एकमार्गी झडप तो परत जाऊ देत नाही. मी २ इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा वापरतो. दोन्ही टोकांना टोप्या सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायच्या आणि एका टोपीला पितळी नोझल बसवायचं. अर्ध्या लिटरहून थोडा जास्त साठा होतो. छोट्या डबीवर भागवणारे मग ‘चढावर वेग पडतो’ म्हणून सर्व्होला बोल लावतात.

एकमार्गी झडप मोटारच्या पार्टच्या दुकानातलीच घ्या. माशांच्या टाकीतली झडप दोन डॉलरला मिळते, दिसते तशीच, पण पेट्रोलच्या वाफेने आणि उष्णतेने तिचं रबर महिन्याभरात फुगतं. पहिल्या गाडीला मी तीच लावली होती. कंजूषपणा नडला.

चारही सिलिंडरांतून व्हॅक्यूम घ्यावा की एकातून? चारही घ्या, पण प्रत्येकाला स्वतंत्र एकमार्गी झडप द्या. चार नळ्या नुसत्या टी-जोडांनी एकत्र केल्या तर एका सिलिंडरचा श्वास दुसऱ्याच्या नाकात शिरतो. आयडल लंगडतो आणि सिंक्रोनायझेशनचा अर्थच उरत नाही. चार झडपांचा जाच नको असेल तर दोन सिलिंडर घ्या. एकातून घेतलं तरी टाकी असल्यामुळे चालतं, पण टाकी भरायला वेळ लागतो.

कॉन्कोर्सपुरती इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुमच्या गाडीच्या पेट्रोलच्या कॉकलाही व्हॅक्यूमची एक नळी जाते. इंजिन चालू असताना कॉक उघडा, बंद झालं की कॉक बंद, अशी ती रचना. ती नळी दिसायला सोयीची असते, हाताशी असते, आणि माणसाला मोह होतो तिच्यातच टी टाकायचा. टाकू नका. टी एकमार्गी झडपेच्या, साठ्याच्या टाकीकडच्या बाजूला पडला, तर इंजिन बंद केल्यावरही टाकीतला व्हॅक्यूम कॉकला उघडा धरून ठेवेल. मग फ्लोट व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी झडप) जरासा गळका असला की रात्रभर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं. पेट्रोल काही दाबलं जात नाही. सकाळी स्टार्टर मारलात की कनेक्टिंग रॉड वाकतो. ही मॉडेल्स त्या दुखण्यासाठी आधीच बदनाम आहेत, आपण हाताने आमंत्रण देऊ नये. कॉकचा पडदा फाटला तर उलट पेट्रोलच या नळीतून सर्व्होत येईल, ते वेगळंच. कॉकची नळी कॉकलाच राहू द्या.

सगळं जोडून झाल्यावर हातपंपाने १५ इंच व्हॅक्यूम ओढा आणि पाच मिनिटं काटा बघत बसा. खाली आला तर गळती आहे. गळती म्हणजे फक्त क्रूझ कमजोर एवढंच नाही. गळतीवाटे फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह तापतात. मग कार्बोरेटर सिंक्रोनाइझ करा. आधी नव्हे.

कोलोराडोचं वेगळं सांगायला हवं. व्हॅक्यूम म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वजा आतला दाब. डॅलसला बाहेर जवळपास ३० इंच आहे. ११,३१२ फुटांवरच्या मोनार्क पासला तो २० इंचांच्या आसपास उरतो. भांडवलच एक तृतीयांशाने घटलं, त्यात चढ. वेग चार-पाच मैलांनी पडेल, त्यात बिघाड नाही. एक गिअर खाली टाका: आरपीएम वाढतात, त्याच वेगाला थ्रॉटल कमी उघडावा लागतो, आणि व्हॅक्यूम परत येतो. खरं तर त्या वळणांवर क्रूझ बंदच असावा, पण तुम्ही लावणारच म्हणून सांगतो.

आता थ्रॉटलशी जोड. सर्व्होची केबल कार्बोरेटरांच्या मधल्या चक्रीपर्यंत आणायची आणि शेवटचा टप्पा मण्यांच्या साखळीने जोडायचा. बेसिनच्या बुचाला असते तशी साखळी, संचात येते. साखळी यासाठी की ती ओढू शकते, ढकलू शकत नाही. तुम्ही हाताने थ्रॉटल उघडलात की ती नुसती सैल पडते, सर्व्होचा आणि हाताचा झगडा होत नाही. क्रूझ बंद असताना २–३ मिमी ढील ठेवा. ढील नसेल तर आयडल खाली येत नाही. फार असेल तर सर्व्हो आधी मोकळी साखळी गोळा करत बसतो आणि मग एकदम हिसका देतो.

माझा धडा इथलाच. दुसऱ्या कॉन्कोर्सला साखळी मी छान सरळ रेषेत बसवली, गॅरेजमध्ये पन्नास वेळा ओढून पाहिली, सुरेख. पण ओढून पाहिली ती पेट्रोलची टाकी काढलेली असताना. टाकी परत बसवल्यावर तिच्याखालची एक नळी सेंटिमीटरभर खाली दबली, आणि ढिली पडलेली साखळी तिच्याखाली गेली. सुदैवाने कळलं ते घरासमोरच्या गल्लीत, वीस मैलांच्या वेगाला: मूठ सोडली आणि इंजिन उतरेना. किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन तात्काळ बंद करणारा स्विच, दाबला. तेव्हापासून साखळीवर मऊ प्लास्टिकची नळी चढवतो, आणि शेवटची तपासणी टाकी बसवून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत करतो. कार्बोरेटरच्या मूळ परतीच्या स्प्रिंगला हात लावू नका. सर्व्होला सोपं जावं म्हणून ती बदलणारे महाभाग मी पाहिले आहेत.

विजेकडे वळू. वायरांचे रंग तुमच्या संचाच्या कागदाशी ताडून घ्या, पण सर्वांत महत्त्वाची वायर जांभळी. ती ब्रेकच्या स्विचच्या दिव्याकडच्या बाजूला जोडायची. ब्रेक दाबलेला नसताना ही वायर मागच्या दिव्याच्या तारेतून जमिनीला, म्हणजे अर्थला, टेकलेली असते, आणि संच ते तपासतो. ब्रेक दाबला की तिथे १२ व्होल्ट येतात आणि क्रूझ सुटतो. दिवा उडालेला असेल तर अर्थ मिळत नाही, आणि क्रूझ मुळात लागतच नाही. किती शहाणपणाची रचना!

घोळ होतो तो एलईडी दिव्यांनी. एलईडीतून हा अर्थ नीट मिळत नाही आणि क्रूझ लागत नाही. सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे पाच टोकांचा रिले: जांभळी ३० ला, ८७-ए अर्थला, ८७ ला १२ व्होल्ट, आणि रिलेची कॉइल ब्रेकच्या दिव्यावर. चालतं. मी करत नाही. विचार करा, त्या रिलेची कॉइल जळाली तर? जांभळी वायर कायम अर्थला राहील, संचाला वाटेल सगळं ठीक आहे, आणि तुम्ही ब्रेक दाबला तरी या वाटेने त्याला काही कळणार नाही. मूळ रचना बिघडली की नकार देत होती. रिलेने ती बिघडल्यावर होकार देणारी केली. त्याऐवजी मी एलईडीला समांतर ५ वॅटचा साधा तारेचा बल्ब शेपटीच्या आत लपवून बसवतो. तो उडाला तर क्रूझ लागणार नाही, एवढंच. तुमच्या शेपटीत साधाच बल्ब असेल तर हा परिच्छेद विसरा आणि एलईडी लावायच्या फंदात पडू नका.

पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक, दोन्हींचे स्विच वेगळे आहेत. पुढच्या लिव्हरचा छोटा स्विच जुन्या गाड्यांत धुळीने अडकतो. दोन्ही तपासा. संचाचा वीजपुरवठा अशा तारेवरून घ्या जी किल स्विचने मरते. थेट बॅटरीवरून घेतलात तर घाबरलेल्या माणसाचा शेवटचा उपाय तुम्ही काढून घेतलात.

क्लचचं काय? अमेरिकेत कार बहुधा ऑटोमॅटिक असते, मोटरसायकल नाही. क्रूझ चालू असताना क्लच ओढला की भार जातो, इंजिन किंचाळतं. संच इग्निशन कॉइलवरून (ठिणगी पाडणाऱ्या) आरपीएमची नाडी, म्हणजे विजेचे ठोके, घेतो आणि ते एकदम वाढले की सुटतो, पण तोवर क्षणभर इंजिन चढतंच. मी क्लचच्या लिव्हरला एक सूक्ष्म स्विच लावतो, जो लिव्हर ओढली की उघडतो आणि संचाची वीज तोडतो. स्टार्टरसाठीचा मूळ क्लच स्विच सहसा उलट वागतो, ओढल्यावर जुळतो, म्हणून तो जसाच्या तसा उपयोगाचा नाही. आरपीएमची वायर मात्र तरीही जोडा.

वेगाची नाडी: मागच्या चाकाच्या हबवर चुंबक आणि स्विंगआर्मवर कॉइल. तुमचा मागचा टायर १५०/८०-१६. त्याचा परीघ २.०३ मीटर, म्हणजे मैलाला ७९२ फेरे. पाच चुंबक लावले की ३,९६० नाड्या, म्हणजे ४,००० चं सेटिंग. चुंबक समान अंतरावर हवेत. ब्रेकच्या डिस्कवर चिकटवू नका. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेले की जोर गमावतात आणि डिस्क त्याहून खूप तापते. हबवर, इपॉक्सीने लावा. काही जण हे टाळून केवळ इग्निशन कॉइलच्या नाडीवर भागवतात. टॉप गिअरमध्ये आरपीएम आणि वेग एकमेकांना बांधलेलेच असतात, त्यामुळे चालतं, पण मला चाकाची नाडी जास्त स्थिर वाटते.

सर्व्होवरच्या बारीक स्विचांपैकी दोन गोष्टींवर तुमचा जीव अडकेल. गिअरबॉक्स ‘मॅन्युअल’ला ठेवा. आणि ‘गेन’, म्हणजे वेगातल्या फरकाला सर्व्हो किती जोराने उत्तर देतो ते, सर्वांत कमी ठेवा. हा संच दीड टनाच्या कारसाठी शिकवलेला आहे. तुमची गाडी पेट्रोलसकट तीनशे किलोच्या आसपास आणि ताकद शंभर अश्वशक्तीजवळ. गेन जास्त राहिला तर गाडी बोटीसारखी पुढे-मागे झुलते. कमी गेनवरही झुलली तर साखळीची ढील बघा, मग साठ्याच्या टाकीतली गळती.

बटणांची पट्टी कारच्या आतल्या कोरड्या हवेसाठी आहे. मागून सिलिकॉन भरा आणि डाव्या अंगठ्याला पोचेल अशी बसवा. हातमोजे घालून, न बघता ‘ऑफ’ सापडतं का, ते अंधारात बसून तपासा.

चाचणी मधल्या स्टँडवर सुरू करा, पण स्टँडवर क्रूझ लावायचा नाही. चाकाला भार नसतो, ते वेडंवाकडं धावेल. तिथे फक्त चाक फिरवून सर्व्होवरचा दिवा लुकलुकतो का आणि ब्रेकला तो प्रतिसाद देतो का, एवढं पाहा. मग रिकामा सरळ रस्ता आणि ४५ मैल. हा संच ३० च्या खाली लागत नाही. लावा आणि सोडा: पुढच्या ब्रेकने, मागच्या ब्रेकने, क्लचने, ऑफ बटणाने, किल स्विचने. पाचही वाटा, प्रत्येकी तीनदा. एक जरी दोनदाच चालली तरी घरी परत. पावसात, गर्दीत आणि रेतीच्या रस्त्यावर लावायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

एवढं सगळं नको वाटत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या एमसीक्रूझचा मोटरसायकलसाठीच बनवलेला संच पाहा. महाग आहे, पण क्लचचा आणि मूठ उलटी फिरवून क्रूझ सोडण्याचा विचार त्यांनी आधीच केलेला असतो. तुमच्या मॉडेलसाठी आज मिळतो का ते मात्र विचारून घ्या.

राहिला कोल्हापूरचा भाऊ. त्यांना नको म्हणा. बुलेटला एकच सिलिंडर, त्यामुळे व्हॅक्यूम धक्क्याधक्क्याने येतो. टाकी मोठी लावून तेही जमवता येईल, पण लावणार कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई, समृद्धीवरही मनाई. उरलेल्या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी ट्रॅक्टर, म्हैस नाहीतर उलट्या बाजूने येणारी स्कूटर. त्यांचाही हात बधिर होत असेल तर जाड ग्रिप, हँडलच्या टोकांना वजनं, आणि टायमिंग-टॅपेट एकदा नीट बघून घ्यायला सांगा. तुम्हीही कॉन्कोर्सच्या हँडलला रायझर लावून दोन इंच उंच करून पाहा. मनगट सरळ झालं की मुंग्या कमी होऊ शकतात, आणि ते काम मी सर्व्होच्या आधी केलं असतं.

पहिल्या पाचशे मैलांनंतर पेट्रोलची टाकी उचलून साखळी, तिच्यावरची नळी आणि चारही एकमार्गी झडपा पुन्हा बघा. काही खटकलं तर साखळीचा फोटो पाठवा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काढलेला.